दोन सुताचा पाना

रिडेव्हलपमेंट म्हटलं की आधी माळा रिकामा होतो. मुलुंड, बोरिवली, घाटकोपर, कुठेही राहत असा, हा सोहळा एकदा होणारच. पितळी डबे आजी सोडत नाही, व्हीसीआरला कुणी हात लावत नाही आणि लोखंड थेट भंगारवाल्याकडे. प्लीज, थांबा! त्यात एखादा जुना पाना असेल तर आधी त्यावरचे आकडे वाचा.

आमच्या मुलुंडच्या माळ्यावर निघालेला पाना वीतभर लांब आणि गंजाने माखलेला. घासल्यावर तोंडाजवळ अक्षरं उमटली : १/४ डब्ल्यू, ५/१६ बीएस. ‘स्कूटरचा असणार,’ बाबांनी निकाल दिला. पण बजाजची स्कूटर मुळात इटलीच्या व्हेस्पावरून आलेली, म्हणजे सगळा कारभार मिलिमीटरमध्ये. शिवाय पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. हे तोंड तर त्याच्या दुप्पट!

ऑफिस अंधेरीत, त्यामुळे साकीनाक्याचे गाळे लंच टाइममध्ये गाठता येतात. तिथल्या एका लेथवाल्या काकांनी व्हर्नियर लावला : १३.३ मिमी. याच्या नटावर आपला १३ चा पाना चढणार नाही आणि १४ चा घसरून कोपरे खाणार. ‘व्हिटवर्थ,’ काका एवढंच म्हणाले आणि चहा मागवला.

जोसेफ व्हिटवर्थ हा मँचेस्टरचा इंजिनिअर. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेल तर शपथ. १८४१ मध्ये त्याने ५५ अंशांचे ठरावीक आटे सुचवले आणि अख्ख्या ब्रिटनने ते उचलले. गंमत अशी, की पान्यावरचा आकडा तोंडाचा नसतोच. तो असतो बोल्टच्या जाडीचा! पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवायला बोल्टची डोकी एक साइज लहान केली गेली. मग जुन्या १/४ चं तोंड नव्या ५/१६ लाही चालू लागलं. म्हणून एकाच तोंडाला दोन आकडे.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा आला १९५६ मध्ये, पण व्हिटवर्थसाहेब गेलेले नाहीत. तुमच्या बाथरूममधला ‘अर्धा इंची’ नळ काढून आट्यांवर पट्टी लावा. जवळजवळ २१ मिमी भरेल. अर्धा इंच हे पाइपच्या पोकळीचं नाव, आणि आटे तेच, ५५ अंशांचे.

हे सगळं ज्ञान घरी पाजळलं तर आजी शांतपणे म्हणाली, ‘अगं, दोन सुताचा पाना तो.’ एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत, पाव इंच. बॉस, व्हर्नियरशिवाय!

आजोबा लालबागच्या एका मिलमध्ये साचेखात्यात फिटर होते. तिथले साचे लँकेशायरहून आलेले, नट-बोल्ट अर्थातच व्हिटवर्थ. जानेवारी १९८२ मध्ये संप झाला, आणि आजोबा परत मिलमध्ये गेले नाहीत. मला आठवतात ते शेजारच्या सोसायटीचे वॉचमन म्हणून, निळ्या शर्टात, हातात डायरी. त्यांना साच्याचा नुसता आवाज ऐकून कुठला नट ढिला झालाय ते कळायचं, हे मला तिशी गाठल्यावर कळलं. तेही लोखंडाच्या तुकड्यामुळे.

पाना आता माझ्या ऑफिस बॅगेत असतो. मिलचा पाना घरी कसा आला, असं विचारलं की मात्र आजीला अचानक कमी ऐकू येतं.