इटालियनमधलं ‘आवडणं’

मागच्या वेळी आपण इटालियन अभिवादनं पाहिली. आज एकच क्रियापद घेऊ: ‘पियाचेरे’, म्हणजे आवडणं. इंग्रजीच्या वाटेनं शिकणारे इथे हमखास अडखळतात, कारण तिथे आवडण्याचा कर्ता माणूस असतो. आपण सरळ मराठीतून जाऊ. ‘मी पियाचे इल काफ्फे’: मला कॉफी आवडते. ‘मी पियाच्चोनो इ लिब्री’: मला पुस्तकं आवडतात. (हा ‘मी’ आपला नव्हे बरं का, त्याचा अर्थ ‘मला’!) पुस्तकं अनेक, म्हणून क्रियापद अनेकवचनी, दोन्हीकडे. कर्ता पुस्तकं, माणूस आपला चतुर्थीत उभा. आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना यात गंमत वाटते: आवड आपण करत नाही, ती आपल्याला होते.

‘मी मांकी’चंही तसंच. आठवण येते तेव्हा म्हणायचं. शब्दशः ‘तू मला उणा आहेस’. इंग्रजीच्या सवयीनं ‘ती मांको’ म्हटलंत, तर अर्थ होतो ‘तुला माझी उणीव भासते’. दूरच्या माणसाला पत्रात असं लिहिलंत, तर तो चकित होईल, कदाचित दुखावेलही.

भुकेपाशी मात्र मराठी कामाला येत नाही. ‘ओ फामे’, ‘माझ्याकडे भूक आहे’. आपल्याला ती लागते, इटालियन माणसाजवळ ती असते.