पहिली-दुसरीतील मूल आणि आपले घर

शाळा सुरू होऊन दोन-तीन महिने लोटले की धर्मग्रामातील पालकांकडून एक तक्रार निरनिराळ्या शब्दांत आमच्या कानी येऊ लागते : 'फादर, मुलाला अजून वाचता येत नाही.' मूल पहिलीत असते, वय असते सहा. शेजारचे त्याच वयाचे मूल दुकानांच्या पाट्या वाचते, म्हणून ही चिंता. मग शिकवणी लावली जाते, संध्याकाळचे खेळणे बंद होते, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्या मुलाच्या मनात पुस्तकाविषयी भीती बसते. ही भीती बसण्यापूर्वीच पालकांशी काही गोष्टी बोलाव्यात, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जे घोषणापत्र प्रसिद्ध केले, त्यात आई-वडील हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत, असे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. शाळा ही त्यांच्या मदतीला आहे. या शिकवणीचा एक विपरीत अर्थ अलीकडे घरोघरी लावला जात आहे. पालक शिक्षक आहेत, म्हणजे घरात दुसरी शाळा भरवावी, असे अनेकांना वाटते. आई वही घेऊन बसते, वडील पाढे विचारतात, चुकले की आवाज चढतो. परिषदेला हे अभिप्रेत नव्हते. घराने जे द्यायचे ते शाळेला देता येत नाही, असा त्या शिकवणीचा आशय आहे. ते नेमके काय, हे समजण्यासाठी मूल वाचायला कसे शिकते ते आधी पाहू.

आपण मोठी माणसे सहज वाचतो, म्हणून आपल्याला त्यातील कष्ट आठवत नाहीत. मराठीत चौतीस-पस्तीस व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी. म्हणजे चारशेहून अधिक आकार मुलाच्या डोळ्यांनी ओळखायचे असतात. जोडाक्षरे वेगळीच. त्यात 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारताना तिचा स्वर नंतर येतो. 'र' तर चार वेषांत भेटतो : सूर्य, चक्र, ट्रक आणि वाऱ्यावर. घ आणि ध, भ आणि म यांत एका रेघेचा फरक. सहा वर्षांचे मूल यांत गोंधळते, क्वचित अक्षर उलटे काढते, चित्राकडे पाहून शब्द अंदाजाने सांगते. हे आळशीपणाचे लक्षण नव्हे, मंदबुद्धीचेही नव्हे. सात-साडेसात वर्षांपर्यंत असे होणे सर्वसाधारण आहे. इंग्रजी माध्यमातील मुलापुढे अक्षरे कमी असतात, परंतु 'पुट' आणि 'बट' यांत एकच अक्षर दोन आवाज काढते, हे कोडे त्याला सोडवावे लागते. शिवाय ते अशा भाषेत, जी बहुधा त्याच्या घरात कोणी बोलत नाही.

केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानाचे उद्दिष्टदेखील मुलाला तिसरीच्या अखेरीस समजून वाचता यावे आणि साधे गणित करता यावे, असे आहे. पहिलीच्या अखेरीस नव्हे. २०२४ च्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतील सुमारे २७ टक्केच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हा आकडा समाधान मानण्याजोगा मुळीच नाही, आणि त्याचे उत्तर शाळांनी व शासनाने द्यायचे आहे. मात्र पहिलीतल्या मुलाची शेजारच्या मुलाशी तुलना करणाऱ्याने तो डोळ्यांपुढे ठेवावा.

गणिताचेही असेच. 'एकवीस' म्हणताना एक आधी येतो, वीस नंतर. लिहिताना दोन आधी, एक नंतर. एकोणपन्नास या शब्दात तर पन्नास ऐकू येते, आणि लिहायचे असते चार आणि नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशा वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादंग माजले. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू शांतपणे मांडली होती : जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे लहान मुलाच्या वाटेत अडथळा बनतात. ती पद्धत कोणाला पटो अथवा न पटो, अडचण खरी आहे. मूल २१ ऐवजी १२ लिहिते तेव्हा ते कानांनी ऐकलेला क्रम पाळत असते. त्याला रागावण्याऐवजी दहा चिंचोक्यांचा एक ढीग करून दाखवावा. फुलांचा व्यवसाय असलेल्या घरात तर दहा-दहाचे गट रोज पहाटे केले जातात. त्या कामात मुलाचा हात लागू द्यावा.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वाचन हे कागदावर सुरू होत नाही, कानावर सुरू होते. ज्या शब्दाचा अर्थ मुलाने ऐकून जाणलेला आहे, तोच शब्द अक्षरे जुळवल्यावर त्याला 'सापडतो'. जो शब्द कधी ऐकलाच नाही, तो वाचूनही मुका राहतो. म्हणून घरात मुलाशी किती बोलले जाते, त्याचे किती ऐकून घेतले जाते, यावर त्याचे वाचन पुष्कळ अवलंबून असते. आणि हे बोलणे त्या घराच्या खऱ्या भाषेतच भरभरून होऊ शकते.

आमच्या वसई परिसरात सामवेदी (कादोडी) आणि वाडवळी बोलणारी कुटुंबे आहेत. यांपैकी कित्येक घरांत हल्ली एक चमत्कारिक दृश्य दिसते. आजी-आजोबा आपसात बोलीत बोलतात, आई-वडील प्रमाण मराठीत, आणि मुलाकडे वळले की सगळेच तोडक्या इंग्रजीत. 'कम हिअर', 'ईट फास्ट', 'डोण्ट डू' एवढ्यावर तो संवाद संपतो. आज्ञा देण्यापुरते इंग्रजी पालकांजवळ असते. गोष्ट सांगण्यापुरते नसते. परिणाम असा की मुलाला इंग्रजीही येत नाही आणि आजीची गोष्टही कळत नाही. आम्ही इंग्रजी माध्यमाच्या विरोधात लिहीत नाही. आमच्याच संस्थांच्या इंग्रजी शाळांपुढे प्रवेशासाठी रांगा लागतात, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु शाळेचे माध्यम कोणतेही असो, घराचे माध्यम बदलण्याची गरज नाही. ज्या मुलाजवळ एका भाषेत भरपूर शब्द आहेत, ते दुसऱ्या भाषेतील शब्द त्यांवर टांगू शकते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाची शिफारस केली आहे.

ही दृष्टी आपल्या परिसराला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी शाळा त्या मुलांच्या अंगणात नेली. पाने, बिया, खडे हीच साधने झाली. मुलाच्या घरातूनच शिक्षणाची सुरुवात करायची, हा त्यांचा मार्ग होता.

मग प्रत्यक्ष करावे काय? 'आज शाळेत काय शिकवले?' या प्रश्नाला 'काही नाही' हेच उत्तर मिळते. त्याऐवजी 'डबा खाताना शेजारी कोण बसले होते? ते काय म्हणाले?' असे विचारावे, आणि उत्तर संपेपर्यंत मोबाईल खाली ठेवावा. रोज दहा मिनिटे मुलाला जवळ घेऊन काही वाचून दाखवावे. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी बालकथा विनामूल्य मिळतात. घरात पुस्तके नाहीत ही सबब आता उरली नाही. वाचता न येणाऱ्या आजीने नुसती गोष्ट सांगितली तरी तेवढाच लाभ होतो.

आपल्या कुटुंबांजवळ आणखी एक साधन आहे, ज्याचा पुरेसा विचार आपण केलेला नाही. संध्याकाळच्या रोझरीमुळे आपल्या मुलांना प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया चौथ्या-पाचव्या वर्षीच मुखोद्गत असतात. पाठ असलेला मजकूर हा वाचनाचा उत्तम श्रीगणेशा असतो. प्रार्थनापुस्तकाचे ते पान उघडावे, मुलाचे बोट शब्दाखाली ठेवावे, आणि म्हणता म्हणता सरकू द्यावे. तोंडातला शब्द आणि कागदावरचा शब्द एकच आहे, हा शोध मुलाला तेथे लागतो. मात्र प्रार्थनेच्या वेळी हे करू नये. प्रार्थना ही परीक्षा होता कामा नये.

गृहपाठाविषयी थोडेसे. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये आणि पहिली-दुसरीचे दप्तर १.६ ते २.२ किलोच्या आत असावे. याउपर शाळा गृहपाठ देत असेल, तर पालकसभेत ते नम्रपणे विचारावे. चार्ट पेपरवरील सुबक प्रकल्प कोणाच्या हातचा आहे हे शिक्षिका लगेच ओळखतात, हेही मातांनी ध्यानात घ्यावे. पहिली-दुसरीला शिकवणी लावणे आम्हांला अनावश्यक वाटते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' या प्रेषितीय उद्बोधनात मुलावर सतत ताबा ठेवण्याच्या ध्यासाला शिक्षण म्हणता येत नाही, असे बजावले आहे. ते अभ्यासालाही लागू पडते.

अर्थात सर्वच विलंब निर्धास्तपणे घेऊ नये. मूल फळ्यावरचे वाचताना डोळे बारीक करते, हाक मारल्यास वळत नाही, तर प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. बोलण्यात चुणचुणीत असलेले मूल तिसरीत आल्यावरही सोप्या शब्दांत अडखळत असेल, तर अध्ययन अक्षमतेची शंका घ्यावी. वयाच्या आठव्या वर्षापूर्वी तसे निश्चित निदान सहसा करत नाहीत. २००७ च्या 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे हा विषय घरोघरी पोहोचला, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा समावेश झाला. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. तेथे जाण्यापूर्वी वर्गशिक्षिकेची भेट घ्यावी, मुलाच्या दोन-तीन वह्या आणि मागील प्रगतिपुस्तके बरोबर ठेवावीत, आणि कोठे व का चाललो आहोत ते मुलाला त्याच्याच भाषेत आधी सांगावे.