जॅक मॉरिसचे २५४ विजय

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, म्हणजे पिचरच्या, नावावर संपूर्ण सामन्याचा जय वा पराजय नोंदवण्याची जुनी प्रथा आहे. क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या खात्यात बळी जमा होतात, सामने नव्हे, हे आठवले की या प्रथेचा विचित्रपणा ध्यानात येतो. सुरुवात करणाऱ्या पिचरने किमान पाच डाव टाकले, तो बाहेर पडताना संघ आघाडीवर असला आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकली, तर विजय त्याचा, मग त्याने एक धाव दिलेली असो वा सहा. १९७७ ते १९९४ या काळात मुख्यतः डेट्रॉइट टायगर्सकडून खेळलेल्या जॅक मॉरिसची थोरवी याच मापावर उभी आहे.

धावांचा हिशेब वेगळे सांगतो. क्षेत्ररक्षकांच्या चुकांतून झालेल्या धावा वगळून पिचर नऊ डावांमागे किती धावा देतो, त्या सरासरीला ‘ईआरए’ म्हणतात; मॉरिसची ती ३.९० होती. काळ आणि मैदान यांचा परिणाम काढून, लीगची सरासरी १०० धरली, तर त्याचा ‘ईआरए प्लस’ १०५ येतो, म्हणजे सरासरीहून थोडासाच सरस. १९९२ मध्ये तर ४.०४ ईआरए असूनही टोरांटो ब्लू जेजकडून त्याच्या नावे २१ विजय आणि ६ पराभव लागले. हे श्रेय अर्थातच संघाच्या फलंदाजांचे.

मॉरिस धावफलक पाहून चेंडू टाकत असे आणि आघाडी मोठी असतानाच सैल सोडत असे, असा त्याच्या चाहत्यांचा बचाव. बेसबॉल-लेखक जो शीहान यांनी २००३ मध्ये त्याचे सामने एकेक करून तपासले, तेव्हा असा कोणताही आकृतिबंध आढळला नाही.

राहतो तो २७ ऑक्टोबर १९९१ चा, अंतिम मालिकेतील निर्णायक सामना, ज्यात मिनेसोटा ट्विन्सकडून मॉरिसने दहा डावांत एकही धाव दिली नाही. ही कामगिरी निर्विवाद असली, तरी आठव्या डावात अटलांटाचा लॉनी स्मिथ धावता धावता दुसऱ्या बेसपाशी घुटमळला नसता, तर धाव जवळपास निश्चित होती. शिवाय समोरच्या जॉन स्मोल्ट्झनेही सात डावांहून अधिक काळ एकही धाव दिली नव्हती, पण त्याच्या नावावर काहीच लागले नाही. ५२७ सामन्यांची सुरुवात केलेल्या पिचरचे मोल एका रात्रीवरून ठरवणे संख्याशास्त्राला मान्य होणारे नाही. पुढच्याच वर्षीच्या अंतिम मालिकेत मॉरिसने सुरुवात केलेले दोन्ही सामने त्याच्याच नावे पराभव म्हणून नोंदले गेले.

बेसबॉलच्या थोर खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमसाठी क्रीडापत्रकारांच्या मतदानात आवश्यक असलेली ७५ टक्के मते मॉरिसला कधीच मिळाली नाहीत. २०१८ मध्ये एका समितीच्या निवडीमुळे तो तिथे पोहोचला. त्याचा समकालीन डेव्ह स्टीब १७६ विजयांवर थांबला, पण त्याचा ईआरए प्लस १२२ आहे. २००४ मध्ये पत्रकारांनी स्टीबला १.४ टक्के मते दिली आणि पाच टक्क्यांपेक्षा कमी मते मिळाल्यास नाव वगळण्याच्या नियमानुसार त्याचे नाव पहिल्याच वर्षी यादीतून गळाले.