पश्च आस, जुन्या मालवाहू पिकअप गाड्यांचा

पश्च आस, जुन्या मालवाहू पिकअप गाड्यांचा : मोटारगाडीच्या मागील चाकांवरील भार पेलणारा आणि एंजिनाची शक्ती त्या चाकांपर्यंत पोहोचविणारा भाग. कारागीर या सर्व जुळणीस ‘हौसिंग’ म्हणतात. वस्तुतः हौसिंग हे तिचे केवळ बाह्य कवच होय. कवचाच्या मध्यभागी पिनियन हे लहान दंतचक्र व त्याच्याशी काटकोनात फिरणारे क्राऊन हे मोठे दंतचक्र असते. क्राऊनला जोडलेल्या विभेदी दंतचक्रांमुळे वळणावर बाहेरील चाक आतील चाकापेक्षा अधिक फिरू शकते. ही योजना फ्रेंच यंत्रज्ञ ऑनेसिफोर पेक्यर यांनी १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी केली होती. विभेदीपासून दोन्ही चाकांकडे जाणारे पोलादी दंड म्हणजे आसदंड होत.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील बेल्हे हे बैलबाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव कल्याण–अहिल्यानगर मार्गावर आहे. त्याच्या पूर्वेस आणे घाट, तर आळेफाट्यापलीकडे पश्चिमेस माळशेज घाट आहे. कांदा, टोमॅटो व जनावरे यांची वाहतूक करणाऱ्या गाड्यांना या भागात चढ, उतार आणि शेतातील कच्चे रस्ते हे तिन्ही सोसावे लागतात. पहिल्या मालकाने विकलेली गाडी येथे पुढेही अनेक वर्षे राबते. या काळात मोडीतून आणलेला आस, दुसऱ्या गाडीची क्राऊन-पिनियन जोडी किंवा निराळे आसदंड तिच्यात बसविले गेलेले असू शकतात. म्हणून नोंदणी-पुस्तकावरील नमुना पाहून सुटे भाग आणणे बेभरवशाचे ठरते. गाडीखाली प्रत्यक्ष कोणता आस आहे हे ठरविणे, ही दुरुस्तीची पहिली पायरी होय.

ओळख प्रथम कवचाच्या आकारावरून होते. काही आसांत मागील बाजूचे पातळ झाकण काढले की क्राऊन दिसते आणि विभेदी मागूनच बाहेर काढता येते. विलीज पद्धतीच्या जीपगाड्यांतील स्पायसर आस या प्रकारचा होय. दुसऱ्या प्रकारात मागील फुगीर भाग कवचाचाच असतो व क्राऊन-पिनियनचा संपूर्ण गोळा पुढील बाजूने निघतो. आसदंडाच्या टोकावरील खाचा मोजणेही आवश्यक असते. स्पायसर ४४ या एकाच कुळात १०, १९ व ३० खाचांचे दंड आढळतात आणि ते परस्परांच्या जागी बसत नाहीत.

गतिगुणोत्तर क्राऊनच्या दातांस पिनियनच्या दातांनी भागून मिळते. जुन्या जीपमधील ४३ व ८ दातांच्या जोडीचे गुणोत्तर सु. ५.३८ येते. आस न उघडताही ते काढता येते. भक्कम घोड्यांवर गाडीचा मागील भाग उचलून, पुढील चाकांना अडसर लावून व गियर सुटा ठेवून एक मागील चाक पक्के धरावे आणि दुसरे बरोबर दोन फेरे फिरवावे. तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्टचे जितके फेरे होतील, तितके गुणोत्तर. एक चाक स्थिर असल्याने क्राऊनचा एक फेरा होण्यास दुसऱ्याचे दोन फेरे लागतात. हे विसरल्यास उत्तर निम्मे येते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत पुढील व मागील आसांची गुणोत्तरे जुळणे अगत्याचे असते.

सर्वांत महत्त्वाचा भेद चाकाचा भार कोण पेलतो, हा आहे. अर्धतरता आसात चाक आसदंडावरच बसते, त्यामुळे दंड शक्तीही वाहतो आणि भारही. जुन्या जीपमध्ये दंडाचे निमुळते टोक, चावी व मधोमध एक मोठा नट दिसतो. टाटा ४०७ सारख्या १९८६ नंतरच्या हलक्या मालमोटारींत पूर्णतरता आस असतो. त्यात चाकाचे धारवे कवचाच्या नळीवर असतात आणि हबच्या मध्यभागी बोल्टांचे कडे दिसते. ते सोडविल्यास गाडी चाकांवर उभी असतानाही दंड ओढून काढता येतो. पूर्णतरता आसाचा दंड तुटला तर चाक जागेवर राहते व पायाचा ब्रेक लागतो. परंतु शक्ती तुटलेल्या बाजूस वाया जाते व उतारावर गियरचा आधार नाहीसा होतो. अर्धतरता आसाचा दंड धारव्याजवळ तुटल्यास चाक ब्रेकच्या ड्रमसह निखळू शकते. ड्रम निघाला की ब्रेकच्या सिलिंडरातील दट्टे बाहेर येतात व तेल सांडते. एकाच मंडलाचा ब्रेक असलेल्या जुन्या गाडीत मग इतर चाकांचाही ब्रेक जातो. विलीज पद्धतीच्या जीपमध्ये हातब्रेक प्रॉपेलर शाफ्टवर असल्याने एक दंड तुटल्यावर तोही गाडी धरीत नाही.

बिघाडाची दिशा आवाजावरून बरीचशी कळते. वेग देताना किंवा सोडताना येणारी गुणगुण क्राऊन-पिनियनची वा पिनियनच्या धारव्यांची, तर केवळ वळणावर येणारा आवाज बहुधा विभेदीतील लहान चक्रांचा असतो. गाडी उचलताना बसणारा ठोका मात्र पुष्कळदा प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा निघतो व आस विनाकारण उघडला जातो. ब्रेकच्या लायनरवर तेल आल्यास सील बदलण्यापूर्वी कवचावरील श्वासछिद्र पाहावे. ते चिखलाने बुजले असेल, तर तापलेल्या हवेच्या दाबाने नवे सीलही गळते.

उघडताना धारव्यांच्या टोप्यांवर खुणा कराव्यात. त्यांची अदलाबदल चालत नाही. क्राऊन व पिनियन जोडीनेच घासून जुळविलेली असतात, म्हणून बदलायची ती जोडीनेच. दातांमधील मोकळीक जीपच्या आसात सु. ०.१३ ते ०.२५ मिमी. ठेवतात. दातांवर रंग लावून स्पर्शाचा ठसा पाहतात : ठसा दाताच्या मुळाशी उमटल्यास पिनियन क्राऊनपासून दूर, माथ्याशी उमटल्यास जवळ सरकवावे लागते. ही सरकवणूक शिमांच्या जाडीने होते. हे काम घाईचे नव्हे. पत्रीच्या एका फरकासाठी धारवा दोनदा-तीनदा काढावा लागतो.

तुटलेला आसदंड वितळजोडाने सांधण्याची रीत सर्वथा त्याज्य आहे. उष्णतासंस्कारित पोलादाची ताकद जोडाशेजारी नष्ट होते आणि दंड पुन्हा तेथेच तुटतो. पीळ बसलेल्या खाचा दिसल्यास दंड अखंड असला तरी तो बदलावा. निमुळत्या टोकाच्या दंडाचा नट योग्य परिबलाने आवळून त्यास पिन घालावी. तो सैल राहिल्यास चावी तुटते व टोक झिजते. अशा झिजलेल्या टोकावर नवा हब बसविणे व्यर्थ होय. दंड वारंवार एकाच बाजूस तुटत असेल, तर अतिभाराबरोबरच कवचाची नळी वाकली आहे काय, हे तपासावे लागते.