ज्वारीवरचे भारीट : काळ्या डोक्याचा की लाल?

रब्बीची ज्वारी चिकात आली की शेंद्रा, लाडगाव, करमाडच्या शिवारात पाखरांचे थवे उतरू लागतात. आपण त्या सगळ्यांना एकाच नावाने ओळखतो, ‘पाखरं’. गोफण फिरवायची, डबा वाजवायचा, हाकलून द्यायचे, की झाले. पण शेतकरी बांधवांनो, एक दिवस गोफण खाली ठेवून बांधावरच्या बाभळीकडे नीट बघा. हुसकावलेला थवा तिथेच जाऊन बसतो आणि बाभूळ फुलल्यासारखी पिवळी दिसते. हा पिवळा पाहुणा म्हणजे भारीट.

चिमणीपेक्षा थोडा मोठा, चोच जाड आणि टोकदार, दाणा फोडण्याच्या कामाची. आपल्याकडे थंडीत येणाऱ्या भारिटांत दोन जाती अशा आहेत, की जाणकारांचाही घोळ व्हावा. एक काळ्या डोक्याचा, दुसरा लाल डोक्याचा.

नर ओळखणे फार अवघड नाही. काळ्या डोक्याच्या नराचे डोके काळे, पाठ तांबूस-तपकिरी आणि गळ्यापासून पोटापर्यंत सगळा पिवळाधमक. लाल डोक्याच्या नराचे डोके, गळा आणि छाती विटकरी, पोट पिवळे. पाठ मात्र हिरवट-पिवळी, तिच्यावर गडद रेघा. तेव्हा गळा बघा. गळा पिवळा असेल तर काळ्या डोक्याचा, विटकरी असेल तर लाल डोक्याचा. आपल्या भागात पहिलाच जास्त दिसतो. लाल डोक्याचा त्याच थव्यात मिसळून येतो, पण कमी.

मात्र नावावर जाऊन फसू नका. नोव्हेंबरात काळ्या डोक्याच्या नराचे डोके काळे नसतेच मुळी. इकडे आल्यावर त्याला नवी पिसे फुटतात आणि त्या पिसांच्या कडा मातकट असतात. त्या कडांखाली काळा रंग झाकलेला राहतो. हिवाळाभर त्या झिजतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत खालचा काळा उघडा पडतो. नवी पिसे न येता पाखरू रंग बदलते म्हणतात ते असे! म्हणून ओळख पटवायची तर हुरडा संपत आल्यावर, ज्वारी काढणीला आल्यावर बघावे. सकाळी ऊन पाठीशी घ्यावे, नाहीतर सगळीच काळी दिसतात.

खरी पंचाईत माद्यांची आणि पहिल्या वर्षाच्या पिलांची. थव्यात त्यांचीच संख्या मोठी. दोन्ही जातींच्या माद्या मातकट, पाठीवर रेघा, पोटाला फिकी पिवळी झाक, शेपटीखाली पिवळे. काळ्या डोक्याच्या मादीच्या पाठीवर, कमरेजवळ किंचित तांबूस छटा असते आणि चोच थोडी लांब वाटते. लाल डोक्याच्या मादीची पाठ राखट, चोच आखूड. पण ‘किंचित’ आणि ‘थोडी’ या शब्दांवर शंभर पावलांवरून कुणी पैज लावू नये. आमचे स्पष्ट मत असे, की एकटी मादी दिसली तर वहीत नुसते ‘भारीट’ लिहावे. जातीची जागा कोरी सोडावी, त्यात कमीपणा नाही. उगाच दडपून नाव लिहिले तर ती नोंद पुढे कुणाच्याच कामाची राहत नाही.

हा घोळ आपल्यापुरताच नाही. काळ्या डोक्याचा भारीट उन्हाळ्यात इटली, बाल्कन देश, तुर्कस्तान ते इराण या पट्ट्यात घरटी करतो. लाल डोक्याचा त्याच्या पूर्वेला, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, अफगाणिस्तानकडे. दोघांच्या हद्दी उत्तर इराणात, कॅस्पियन समुद्राच्या बाजूला मिळतात आणि तिथे त्यांचे आपसात जोडे लागतात. संकर पिले होतात, कुणाच्या डोक्यावर काळे-लाल मिसळलेले. म्हणजे ‘हा कोणता?’ या प्रश्नाला कधीकधी ‘दोन्ही’ हेच उत्तर असते.

आता तुम्ही म्हणाल, दाणे तर दोघेही खातात, मग नाव कळून आमच्या पदरात काय पडणार? जातीच्या नावाने राखण काही कमी होणार नाही, हे खरे. पण भारीट कोणता आणि बारमाही पाखरू कोणते, हे कळायलाच हवे. चिमणी, सुगरण ही इथलीच. ज्वारी काढून झाली तरी ती शिवारातच असतात. हिवाळ्यात सुगरणीचा नरही मातकट होतो आणि थव्यात भारिटासारखा वाटतो. भारीट मात्र मार्च-एप्रिलमध्ये परत निघतो. त्याचा त्रास चिकापासून काढणीपर्यंतचा, तोही सकाळी आणि दिवस कलताना जास्त. पूर्वी माळ्यावर बसून राखण करायचे ती याच वेळांना.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शेंद्र्याला औद्योगिक वसाहत झाली, पुढे शेंद्रा-बिडकीनचे काम आले, बरीच जमीन त्यात गेली. उरलेल्या रानात कापूस आणि मका. दोनशे एकरांत थवा विखुरला तर एकेकाचे दोन-चार कणसांवर भागते. तोच थवा एकट्या दीड एकरावर उतरला तर कणसाच्या नुसत्या बोंड्या राहतात. मग तो शेतकरी पुढच्या वर्षी ज्वारी पेरतच नाही आणि सगळा थवा त्याच्या शेजाऱ्याकडे वळतो. भाकरी गेली, बैलांचा कडबाही गेला. कडब्याची ओरड आपण उन्हाळ्यात करतो, तिचे एक मूळ इथे आहे.

यावर विषारी दाणे टाकणे हा उपाय नव्हे. त्यात कोंबड्या, मोर, कुत्रीही मरतात. चकाकणाऱ्या फिती ताणून बांधाव्यात. त्या एकाच जागी ठेवू नयेत, आठवड्याने जागा बदलावी, पाखरे सरावतात. आणि शक्य असेल तर चार-पाच शेजाऱ्यांनी बसून, एकाच आठवड्यात, लागून लागून ज्वारी पेरावी. सगळ्यांचे कणीस एकदम चिकात येते, थवा वाटला जातो आणि राखणीच्या पाळ्याही लावता येतात.

पाळीवर असाल तेव्हा बाभळीवरच्या थव्यात विटकरी गळ्याचा एखादा सापडतो का, तेवढे बघा. शंभरात एक-दोन निघाले तरी तारीख आणि गावाचे नाव वहीत टाका.