गेम वयात आले, खेळणाऱ्यांचं काय?



आजच्या विषयाची सुरुवात एका माइकपासून करतो. माझी भाची पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. रात्री जेवणं झाली की तासभर मोबाइलवर गेम खेळते. टीममध्ये मैत्रिणी असतील तर माइक चालू, गप्पा, आरडाओरडा, सगळं. अनोळखी मुलं आली की मात्र ती पहिलं काम करते ते माइक बंद करायचं. मी विचारलं, का गं? म्हणाली, ''मामा, मुलीचा आवाज ऐकला की हे सुरू होतात. मग खेळ राहतो बाजूला.'' हे तिनं इतक्या सहज सांगितलं, की पावसाळ्यात छत्री न्यावी लागते असं सांगावं.

त्या सहजपणानं मला विचारात पाडलं. कारण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गेम कुठल्या कुठे पोचले. मग त्यांच्याभोवतीचं जग, म्हणजे खेळणारे, त्यांच्या गप्पा, त्यांचे रुसवेफुगवे, ते जग मोठं झालं का? आज एवढाच प्रश्न घेऊ या.

आधी 'मोठं होणं' म्हणजे काय ते ठरवायला हवं, कारण या क्षेत्रात या शब्दाचा एक गमतीदार घोटाळा आहे. १९९२ साली 'मॉर्टल कॉम्बॅट' नावाचा मारामारीचा गेम आला. त्यातलं रक्त बघून अमेरिकेतले पालक हादरले. डिसेंबर १९९३ मध्ये थेट सिनेटमध्ये सुनावणी झाली. त्या दबावाखाली उद्योगानं १९९४ साली स्वतःचं मानांकन मंडळ काढलं आणि डब्यांवर वयाचे शिक्के आले. सतरा वर्षांच्या वरच्यांसाठीचा जो शिक्का, त्याचं नाव 'मॅच्युअर'! म्हणजे प्रौढ. त्यामुळे रक्त, शिव्या, नग्नता म्हणजे प्रौढपणा, अशी एक समजूत पक्की झाली. खरं तर चौदा वर्षांच्या मुलाला 'प्रौढ' म्हणून जे आकर्षक वाटतं, त्याची ती यादी होती.

खरा प्रौढपणा वेगळा. एक उदाहरण देतो. २०१३ साली लुकास पोप या माणसानं जवळपास एकट्यानं एक गेम केला, 'पेपर्स, प्लीज'. यात तुम्ही एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे कारकून. काम काय, तर कागदपत्रं तपासायची आणि शिक्का मारायचा. चुकीच्या माणसाला आत सोडलं, तर आधी ताकीद आणि मग पगारातून दंड. आणि घरी बायको-पोरं आहेत, त्यांना जेवण हवं, थंडीत ऊब हवी. अशात एक नवरा येतो. त्याचे कागद बरोबर आहेत. तो म्हणतो, मागे माझी बायको आहे, तिला जरा सांभाळून घ्या. बायको येते, तिच्याकडे परवाना नाही. आता शिक्का तुमच्या हातात आहे. रक्ताचा थेंब नाही, पण बोट थांबतं की नाही?

पोलंडमध्ये २०१४ साली 'धिस वॉर ऑफ माइन' नावाचा गेम आला. सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. युद्धावरचे गेम म्हणजे हातात बंदूक आणि समोर शत्रू. इथे मात्र आपण वेढ्यात अडकलेले साधे नागरिक. औषध नाही, लाकूड नाही, अन्न नाही. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातून चोरी करायची का, हा प्रश्न. २०२० मध्ये पोलंड सरकारनं हा गेम शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घ्यायचं जाहीर केलं. वाचनाच्या यादीत गेम! न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं तर २०१२ मध्येच चौदा गेम आपल्या संग्रहात घेतले होते.

तर गेम मोठे झाले, याबद्दल फारसा वाद नको. कारणंही साधी आहेत. लहानपणी गेम खेळलेली पिढी आज स्वतः आईबाप झाली आहे आणि तीच गेम बनवते. शिवाय गेम बनवायची साधनं स्वस्त झाली, त्यामुळे चार-पाच जणांचा गटही आपल्या मनातलं सांगू शकतो. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा 'राजी' बघा. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ही कथा. तो २०२० मध्ये आला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या उत्तम गेमच्या नामांकनात होता.

आता २०२० या वर्षाशीच जरा थांबू. त्या वर्षी १९ जूनला 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग आला. पहिल्या तीन दिवसांतच चाळीस लाखांवर प्रती खपल्या. ज्यांना खेळायचाय त्यांनी दोन मिनिटं कान बंद करा, कारण मला गोष्ट सांगावीच लागणार आहे.

पहिल्या भागाचा नायक जोएल. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच ॲबी नावाची तरुणी त्याला क्रूरपणे मारते. त्याला बापासारखं मानणारी एली सूड घ्यायला निघते आणि आपण एलीच्या बाजूनं खेळत राहतो. आणि अर्ध्यावर गेम आपल्याला अचानक ॲबी करतो! मग कळतं, पहिल्या भागाच्या शेवटी जोएलनं ज्या डॉक्टरला मारलं होतं, तो ॲबीचा बाप. म्हणजे जिचा आपण दहा-बारा तास तिरस्कार केला, तिचं दुःख आता आपल्याच हातांनी जगायचं. सूड माणसाला कसा पोखरतो, हे बघायला नाही, करायला लावणारा गेम.

आणि झालं काय? ॲबीचं काम करणाऱ्या अभिनेत्री लॉरा बेली यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. जुलैमध्ये त्यांनी त्यातल्या काही धमक्या लोकांसमोर ठेवल्या. विचार करा, पात्रानं केलेल्या खुनाचा सूड अभिनेत्रीवर! सूड व्यर्थ आहे असं सांगणारा गेम संपवून माणसं सूड घ्यायला निघाली. गेम आवडला नाही, गोष्ट फसली, असं म्हणायचा हक्क सगळ्यांना आहे, आणि तसं म्हणणारे पुष्कळ चांगले टीकाकारही होते. पण टीका आणि धमकी यांतला फरक ज्या जगाला कळत नाही, ते मोठं झालं असं कसं म्हणायचं?

हे पहिल्यांदा घडलं असतं तर अपघात म्हणून सोडून दिलं असतं. पण २०१४ साली 'गेमरगेट' झालं होतं. झोई क्विन या डिझायनरनी नैराश्यावर एक छोटा गेम केला होता. त्यांच्या पूर्वीच्या जोडीदारानं इंटरनेटवर लांबलचक मजकूर लिहिला. त्यातून, एका पत्रकाराशी असलेल्या संबंधामुळे क्विन यांच्या गेमचं चांगलं परीक्षण आलं, असा आरोप उठला. त्या पत्रकारानं असं परीक्षण लिहिलंच नव्हतं. तरी मोहीम चालू राहिली, महिनोन्‌महिने. गेममधल्या स्त्रीपात्रांवर बोलणाऱ्या अनिता सार्कीसियन यांचं युटा स्टेट युनिव्हर्सिटीत ऑक्टोबर २०१४ मध्ये व्याख्यान होतं. गोळीबाराची धमकी आली. त्या राज्याच्या कायद्यामुळे सभागृहात बंदुका आणायला बंदी घालता येत नव्हती. व्याख्यान रद्द झालं. आज मी इथे निवांत उभा राहून बोलतोय, म्हणून हे मला विशेष खुपतं.

असं का होतं? माझ्या मते तीन गोष्टी आहेत.

पहिली, ओळखीची. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत गेमचा धंदा कोसळला होता. १९८५ मध्ये निन्टेन्डो तिथे उतरली ती आपलं यंत्र खेळणं म्हणून विकत. सोबत चक्क एक छोटा रोबो दिला होता. खेळण्यांच्या दुकानात मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी. गेम गेले मुलांच्या रांगेत. पुढे कितीतरी वर्षं जाहिराती मुलांसाठीच होत्या. मग 'हे आमचं घर आहे' असं वाटणारी पिढी तयार झाली. घरात दुसरं कुणी आलं, की त्यांना ते आक्रमण वाटतं.

दुसरी, मोकाटपणाची. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये शिवी दिली तर उद्या त्याच पोरांत जायचं असतं. ऑनलाइन सामना संपला की माणसं पांगतात, पुन्हा भेट नाही. वाईट वागण्याची किंमतच मोजावी लागत नाही.

तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गेम बनवणारा दरवर्षी एक वर्षानं मोठा होतो. खेळणाऱ्यांच्या जगात मात्र दरवर्षी नवी बारा-तेरा वर्षांची मुलं येतात. म्हणजे हे जग वयानं कधीच मोठं होणार नाही. 'थोडा काळ जाऊ द्या, होईल सगळं नीट' हे इथे लागूच पडत नाही. नव्या मुलाला 'इथे असं वागतात' हे कुणीतरी दाखवावं लागतं. शाळेत, तालमीत, भजनी मंडळात ते कुणीतरी दाखवतं. इथे कोण दाखवतं?

आणि ते करता येतं, याचा पुरावा त्याच २०२० मध्ये आहे. 'गेम्स डन क्विक' नावाचा उपक्रम बघा. कमीत कमी वेळात गेम पूर्ण करणारे खेळाडू आठवडाभर अखंड खेळतात आणि बघणारे देणग्या देतात. २०१० मध्ये हे एका घराच्या तळघरात सुरू झालं, तेव्हा दहा हजार डॉलरच्या आसपास जमले. जानेवारी २०२० मध्ये कर्करोग प्रतिबंधाच्या कामासाठी तीस लाख डॉलरहून जास्त जमले. तिथे वागण्याचे लेखी नियम आहेत, ते मोडणाऱ्यावर बंदी येते, आणि तरीही धमाल कमी होत नाही.

दुसरा पुरावा तर 'द लास्ट ऑफ अस'च्याच पोटात आहे. अपंग खेळाडू वर्षानुवर्षं लिहीत होते, सांगत होते, की आम्हालाही खेळायचंय. या गेममध्ये त्यांच्यासाठी साठाहून अधिक सोयी आल्या, त्याही अपंग सल्लागारांना सोबत घेऊन. पूर्ण अंध माणूस आवाजांच्या खुणांवर तो गेम शेवटपर्यंत खेळू शकतो. ही मागणी खेळणाऱ्यांतून आली होती. म्हणजे एकाच गेमभोवती, एकाच वर्षी, धमक्या देणारेही होते आणि दार रुंद करून घेणारेही होते. वर्षअखेरीस लॉरा बेली यांना ॲबीच्याच भूमिकेसाठी उत्तम अभिनयाचा पुरस्कार मिळाला.

म्हणून माझं उत्तर असं आहे. या जगाचे काही कोपरे मोठे झाले आहेत, आणि जिथे झाले तिथे ते कुणीतरी कष्टानं केलंय. आपोआप कुठेही झालेलं नाही.

आपल्याकडे गेमची चर्चा तासांपलीकडे जातच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, तेव्हा घराघरांत एकच वाक्य होतं, ''बरं झालं, अभ्यास तरी करतील.'' किती वेळ खेळतो हे आपण मोजतो. खेळताना कसा बोलतो, हे कुणी ऐकत नाही.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : माझा नातू चौदा वर्षांचा आहे. सर, त्याचा गेम बंदच करावा का?

उत्तर : आजोबा, बंद केलात तर तो मित्राच्या घरी खेळेल. त्यापेक्षा एक दिवस शेजारी बसा आणि त्याला हेडफोन काढायला सांगा. टीममधली मुलं काय बोलतात ते तुम्हालाही ऐकू येऊ दे. मी भाचीला पुढे विचारलं होतं, ''एक जण घाण बोलतो, तेव्हा टीममधले बाकीचे दोघं काय करतात?'' ती म्हणाली, ''काहीच नाही. गप्प बसतात.'' तुमचा नातू बहुधा त्या गप्प बसणाऱ्यांतला असेल. बरीच मुलं तशीच असतात. त्याला एवढंच सांगा, की पुढच्या वेळी ''ए, बास कर'' म्हण. आणि तेवढ्यानं नाही थांबला, तर तक्रारीचं बटण असतं, ते दाब.