झाडांना कर्ज कोण देईल?

गाय घ्यायला बँकेत गेलेल्या माणसाला हप्ता कसा फेडणार हे सांगता येतं: दूध घालून. गावची उघडी टेकडी हिरवी करायला निघालेल्याला ते सांगता येत नाही. गवत वाढेल, विहिरीचं पाणी चढेल, माती वाहायची थांबेल, पण त्यातला रुपया नेमका कोणाच्या खात्यात येणार? कोरीट असो की नंदुरबार जिल्ह्यातलं दुसरं कुठलं गाव, सार्वजनिक कामाला अनुदान शोधावं आणि कर्ज तिथेच काढावं, जिथे कोणाच्या तरी हातात उत्पन्न पडतं.

‘वाडी’ हे अनुदान आणि कर्ज यांच्या मधल्या वाटेचं उदाहरण. शेजारच्या दक्षिण गुजरातेत, वांसद्याला, ‘बायफ’ संस्थेने १९८२ च्या सुमारास ती रुजवली. आदिवासी कुटुंबाच्या साधारण एकरभर जमिनीत आंबा-काजू, कडेने जंगली झाडं आणि मध्ये नेहमीची पिकं. पुढे नाबार्ड या राष्ट्रीय कृषी-ग्रामविकास बँकेने आदिवासी विकास निधीतून हीच कल्पना देशभर नेली. त्यात अनुदानाबरोबर कर्जाचीही सोय आहे, कारण आंबा विकला जातो.

तलावातल्या गाळाचा हिशेब आणखी सोपा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना २०१७ ची. नंतर तिला अनुदानाची जोड मिळाली: पात्र लहान शेतकऱ्याला गाळ शेतात पसरायला एकरी कमाल १५,००० रुपये, तेही अडीच एकरांपर्यंत, म्हणजे ३७,५००. तलाव खोल होतो, शेत सुपीक होतं.

पाणलोटाचं काम मात्र एकट्या शेतकऱ्याचं नव्हे, आणि तिथे पैसे देणारा आधी गाव पारखतो. १९९० च्या दशकात महाराष्ट्रात राबवलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने ही पारख नीट बसवली. नगर जिल्ह्यात काम केलेले स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर त्यामागे होते. पैसा जर्मनीचा, व्यवस्था नाबार्डची. अट अशी की गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची आणि काम माथ्यापासून पायथ्याकडे न्यायचं. नाल्यावर झटपट बंधारा बांधून फोटो काढायची सोय त्यात नव्हती! पुढे १९९९-२००० मध्ये केंद्र सरकार आणि नाबार्ड यांनी प्रत्येकी १०० कोटी घालून पाणलोट विकास निधी उभा केला.

चराईबंदी ठरावात लिहायला एक ओळ लागते. शेळ्यांवर पोट असलेल्या घराला ती ओळ महाग पडते. म्हणूनच चांगल्या प्रस्तावात शेळ्या कुठे चरतील, बंद क्षेत्रातलं गवत कापून कोणाला मिळेल, हेही असावं लागतं. शेजारच्या धुळे जिल्ह्यात बारीपाड्याने वणवा आणि कुऱ्हाड रोखून सुमारे ११०० एकर जंगल राखलं. ते निधीपेक्षा गावाने स्वतःला घालून घेतलेल्या नियमांवर राहिलं. तिथले चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

कागदपत्रं कंटाळवाणी, पण टाळता न येणारी. ग्रामसभेचा ठराव, गट नंबर घातलेला नकाशा, ज्यांच्या शेतातून चर जाणार त्यांची संमती, तांत्रिक मंजुरी मिळालेलं अंदाजपत्रक. जागा वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी किंवा वनहक्क कायद्याखालचा सामूहिक हक्क. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतीला आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो जलसंधारणालाही वापरता येतो. कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीसाठी संस्थेला २०२१ पासून ‘सीएसआर-१’ नोंदणी लागते.

निधी हप्त्याने येतो. पहिल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याखेरीज दुसरा सुटत नाही. इकडे मातीकाम पावसाआधी उरकायचं असतं आणि मजुरी आठवडी बाजाराच्या आत हवी असते. त्यामुळे प्रस्ताव लिहितानाच मधले दोन-तीन महिने कोणत्या पैशावर काढायचे, याचं उत्तर गावाजवळ हवं.